पाचशे बारात रोहिणखेड

पैज लागली ती नखाएवढ्या कार्डावरून.

मोताळ्यात वाहेदचा फोटो स्टुडिओ आणि गोकुळचं मोबाईलचं दुकान, भिंतीला भिंत. पंचवीस वर्षं रोलवर काढल्यावर वाहेदनं जळगावहून सेकंडहँड डिजिटल कॅमेरा आणला आणि कार्डासाठी शेजारी जाऊन उभा राहिला.

"दोन जीबी घ्या, वाहेदभाई."

"काऊन बे? पाचशे बारा एमबीत एकशे ऐंशी फोटो बसतेत. रोहिणखेडचे अर्जवाले साठ. दोन-दोन काढले तरी एकशे वीस. उरलेल्यात तुह्या सासऱ्याचं दुसरं लगन काढतो."

रोहिणखेडात त्या साली बीटीची कपाशी लाल पडून उभ्या उभ्या वाळली होती. बियाण्याच्या तक्रारीसाठी साहेब लोक येणार होते, एकच दिवस. ज्याचा अर्ज, त्याचा स्वतःच्या वावरात साहेबासोबत फोटो पाहिजे. फोटो नाही तर अर्ज नाही.

"आन् नाही पुरलं त?" गोकुळ म्हणाला.

"त बाजाराच्या दिवशी भर चौकात माह्या स्टुलावर मी बसतो, पासपोर्ट फोटोले बसोतो तसा. साऱ्या बाजारानं मले हलू नको म्हणावं. पुरलं त तू बसजो."

"एकही फोटो पुसाचा नाही."

"पुसतो कायले बे? निगेटिव्ह कोणी फाडते काय?"

आकडा बरोबर होता. घात केला तो कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या, फोटो लगेच दाखवणाऱ्या पडद्यानं. रोलच्या जमान्यात माणूस आठ दिवसांनी येऊन आपला मिटल्या डोळ्यांचा फोटो मुकाट घरी न्यायचा. इथं पहिल्याच वावरात महादेवरावांनी पडद्यात डोकं घातलं.

"डोये मिटले ना राजेहो! अजून एक."

दुसऱ्याला पोट सुटलेलं दिसलं. तिसऱ्यानं टोपी बदलली. चौथ्याच्या बायकोला नवऱ्याचं तोंडच पटेना, त्याला वाहेद काय करणार? साहेब पुढं, त्यामागं वाहेद, आणि साक्षीदार म्हणून गोकुळ मागं मागं. वाहेदची नजर सारखी आकड्यावर. नव्वद उरले. एकेचाळीस. सतरा. सकाळी जीप उशिरा आली तेव्हा गंमत म्हणून उडवलेले पंधरा फोटो आठवून त्याला स्वतःच्याच थोबाडीत द्यावीशी वाटली. त्यातले सहा तर गोकुळच्या जांभईचे होते.

"किती राह्यले, वाहेदभाई?"

"लय हायेत. तू चाल गुमान!"

विमलबाईचं वावर नाल्यापलीकडं, म्हणून सगळ्यात शेवटी. साहेब घड्याळ बघत आले. बाई पदर नीट करून वाळक्या झाडापाशी उभी राहिली, दोन्ही हातांत पोकळ बोंडं. वाहेदनं कॅमेरा डोळ्याला लावला. कार्ड फुल.

आता यावर फोटोग्राफर लोकांचा एक जुना इलाज होता, खाली फ्लॅश, म्हणजे फोटो न काढता रिकामाच. लग्नात लेकरं मधे नाचायला लागली की नुसता उजेड पाडायचा. लेकरं खूश, रोल शाबूत. वाहेदचं बोट आपोआप फ्लॅशच्या बटणावर गेलं. लख्खकन उजेड पडला. गोकुळचं तोंड उतरलं. साहेब जीपकडं वळले.

"दाखवू?" वाहेदनं विचारलं. विचारलं कशाला, ते त्यालाच ठाऊक.

"कायले? तुनं काढला ना, भाऊ?" बाईनं बोंडं पदरात बांधली आणि चालू लागली.

सारं गाव पडद्यात डोकं खुपसून गेलं आणि हिनं बघितलंसुद्धा नाही. वाहेद चार पावलं चालला. थांबला. पुन्हा दोन चालला. जीप सुरू झाल्याचा आवाज आला.

"ओ साहेब! थांबा! विमलबाई, मांगं फिर वं! माहेच डोये मिटले होते!"

धावत जाऊन त्यानं साहेबाला दंडाला धरूनच आणलं. मग कॅमेऱ्याची बटणं दाबदाब दाबली.

"पुसला!" गोकुळ ढेकळात नाचायला लागला. "पुसला, पुसला!"

"पुसला बे. तुही जांभई होती. दोन पुसल्या, दोन काढतो. बाई, बोंडं वर धर."

बाजाराच्या दिवशी वाहेद चौकात स्टुलावर बसला. ओला भांग, तोंडाला पावडर, गळ्यापर्यंत बटणं. आजवर त्यानं ज्याला ज्याला दम भरला होता, ते सगळे रांगेनं आले.

"मान वर!"

"खांदा खाली! हसू नका!"

"डोये मिटले! अजून एक!" हे महादेवराव.

गोकुळ वाहेदचाच कॅमेरा घेऊन फोटोवर फोटो काढत होता. या वेळी कार्ड दोन जीबीचं.

गर्दीतून विमलबाई पुढं आली. अर्जाची शिक्क्याची पावती तिच्या मुठीत होती. तिनं वाहेदची हनुवटी धरून बोटभर डावीकडं केली.

"आता हलू नोको, भाऊ."

आणि तेवढ्यात त्याच्या नाकावर माशी बसली.