थोरल्याची तबकडी

‘दात घशात घालीन’ असं रागाच्या भरात पुष्कळजण म्हणतात. धाकट्यानं ते खरंच केलं होतं. आई गेली त्या दिवशी त्याचा थोरला भाऊ एका हॉटेलात ट्रम्पेट वाजवत होता. निरोप मिळूनही तो कार्यक्रम संपवून आला, तोवर सगळं आटोपलं होतं. धाकटा खाटीकखान्यात हाडं फोडणारा माणूस. त्यानं जिन्यातच थोरल्याच्या तोंडावर ठोसा हाणला आणि तो पडल्यावर आणखी दोन. वरचे तीन दात गेले, ओठाला सात टाके पडले. जखम भरली, पण ओठ कायमचा बधिर झाला, आणि ट्रम्पेट वाजतं ते ओठांवरच. थोरला एका गोदामावर पहारेकरी म्हणून लागला. भावाभावांचं बोलणं संपलं.

दोन वर्षांनी आईची खोली आवरताना धाकट्याला थोरल्याचा रेकॉर्ड प्लेअर आणि जॅझची एक जुनी तबकडी सापडली. असं काय होतं यात, की त्यापायी हा आईच्या शेवटाला आला नाही? तोंडात शिवी घेऊनच त्यानं सुई टेकवली.

आधीच्या दोन चीजा चपळ होत्या. तिसरी इतकी संथ, की वाजवणाऱ्याला डुलकी लागली असावी असं त्याला वाटलं. तरी दुसऱ्या दिवशी कामावरून आल्यावर त्यानं ती पुन्हा लावली. मग रोजच. पियानो एकाच सुरावळीवर ठाण मांडून बसायचा, ड्रमवर ब्रश नुसते घासत राहायचे, आणि त्या ऐसपैस जागेत ट्रम्पेट चार सूर टाकून गप्प व्हायचं. मध्येच सुरावळ अर्ध्या सुरानं वर सरकायची आणि धाकटा सुई मागे नेऊन तेवढंच पुन्हा ऐकायचा. सुरी चालवणाऱ्याला हे कळत होतं. जोर लावायचा नसतो; सांधा सापडला की पातं आपसूक जातं. आपण काय मोडून ठेवलं, हेही त्याला हळूहळू कळायला लागलं.

त्याच्या बायकोला वाटलं, आता गाडी रुळावर येईल. तिनं गोदामावर जाऊन थोरल्याला सांगितलं, दादा, ते रोज तुमचीच तबकडी ऐकतात.

दुसऱ्या दिवशी दुपारी थोरला हातात दंडुका घेऊन आला. दाराबाहेरच त्याला तबकडी ऐकू आली आणि त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“माझं तोंड फोडलंस, आणि वर माझीच तबकडी ऐकत बसतोस?”

पहिला तडाखा खांद्यावर बसला, दुसरा गुडघ्यावर. तिसऱ्यानं भुवई फाटली आणि डोळ्यात रक्त उतरलं. धाकट्यानं एका हातानं दंडुका हिसकावला असता, पण बसल्या जागी त्यानं दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. बायको मध्ये पडली, तर थोरल्यानं तिला कपाटावर ढकललं. दंडुका पुन्हा वर गेला, तेवढ्यात ट्रम्पेट सुरू झालं.

थोरल्याचा हात हवेतच थांबला. धापा टाकत तो ऐकत राहिला. दंडुक्यावरची त्याची बोटं ट्रम्पेटच्या कळांवर असल्यासारखी आपोआप दाबली जात होती. ट्रम्पेट संपलं, पियानो पुढे झाला.

“काय कळतं तुला यातलं?” थोरल्यानं विचारलं.

धाकट्यानं भुवईवरून तोंडात ओघळलेलं रक्त गिळलं. “घाई नाही करत तो.”

“बरोबर ऐकलंस,” थोरला म्हणाला, आणि सगळी ताकद लावून त्यानं बरगड्यांवर दोन तडाखे हाणले. हाड मोडल्याचा आवाज तिघांनाही आला. मग त्यानं तबकडी उचलली आणि तो निघून गेला.

दवाखान्यात धाकट्यानं जिन्यावरून पडलो म्हणून सांगितलं. बायको पोलिसांत जायला निघाली होती, तिला त्यानं थांबवलं. दीड महिन्यानं, छातीला पट्टा बांधूनच, तो गोदामाच्या फाटकाशी जाऊन उभा राहिला. माफी कुणीच मागितली नाही. थोरल्यानं फाटकाआडूनच विचारलं,

“आईनं माझं नाव घेतलं होतं का?”

“दोनदा,” धाकटा म्हणाला.

थोरल्यानं तोंड फिरवलं. मग त्यानं फाटकाची कडी काढली आणि आपलं स्टूल धाकट्याकडे सरकवलं.