सांडणीच्या पाठीची गादी

तबेल्यात घोडी अकरा होती, पण बिट्टीला चालणारी एकच.

बिट्टी नऊ वर्षांची. जन्मापासून तिच्या मांड्या आखडलेल्या, कात्रीच्या पात्यांसारख्या एकमेकींवर चढणाऱ्या. घोड्याच्या उबदार पाठीवर अर्धा तास बसवलं की त्या सैल पडत आणि मग दोन दिवस पोरगी भिंत धरून का होईना, चालत असे. बाकीची घोडी पोटाने ढोलासारखी. त्यांच्यावर तिचे पाय फाकायचेच नाहीत. खोगीर घातलं तर रुंदी आणखी वाढायची. राहता राहिली ती सांडणी.

सांडणी म्हणजे उंटीण, पण ही होती घोडीच. मानेच्या बुडाशी, दोन खांद्यांच्या मधोमध तिचं हाड असं टोकदार वर आलेलं की बघणाऱ्याने म्हणावं, हिची आई नक्की वाळवंटातून पळून आली असणार. त्या हाडामुळेच ती अंगाने अरुंद होती, आणि अरुंद म्हणून बिट्टीच्या कामाची. पण तेच हाड घोडीच्या जिवावर उठलं होतं. गादीशिवाय तिच्या पाठीवर पोर टिकत नसे, आणि कसलीही गादी टाका, घासायची ती नेमकी तिथेच. महिन्यापूर्वी तिथली कातडी फुटली. जखम कशीबशी भरली. गुरांच्या डॉक्टरने जाताना बजावलं होतं, "पुन्हा फुटली तर थेट हाडापर्यंत जाईल. मग ही घोडी कशाच्याच कामाची नाही."

तबेलेवाला माणूस वाईट नव्हता, पण उभ्या जनावराला चारा घालत बसणाराही नव्हता. तो बिट्टीच्या आजीला म्हणाला, "मावशी, शनिवारपर्यंत न घासणारी गादी आणा. नाहीतर मला तिला खाटकाच्या गाडीत घालावं लागेल."

"मी तुझी मावशी कधी झाले रे?" आजी म्हणाली. "आणि गादीचं तू मला सांगू नकोस. तुझ्या बापाच्या घोड्यांच्या पाठी माझ्या बापाने झाकल्यात."

या आजीला सगळे दाभणबाई म्हणत. कातडं शिवायचं जाड दाभण तिच्या हातातही असे आणि जिभेवरही. शाळा तिसरीपर्यंत. तिसरीच्या मास्तराशी भांडून घरी आली ती आलीच. पण चार पिढ्या तिच्या घरात ओझी ओढणाऱ्या घोड्यांच्या गाद्या झाल्या होत्या, आणि आमच्या गादीखालचं एक जनावर सोललं गेलं असेल तर दाखवा, असं ती चारचौघांत म्हणत असे. कुणी दाखवलं नव्हतं.

तरी सुनेने, बिट्टीच्या आईने, सुचवलं म्हणून ती आधी बाजारात गेली. दुकानदाराने चार गाद्या पुढ्यात टाकल्या. पहिली लोकरीची, मऊ. दाभणबाईने त्यात अंगठा रुतवला, दहा आकडे मोजले, काढला. खड्डा तसाच राहिला.

"ही झोपायला बरी आहे. तुझ्या सासऱ्याला दे."

दुसरी रबरी जेलीची. ती हातात लोळागोळा झाली. "हे काय? घोड्याचं की आजाऱ्याचं?"

तिसरी जाड, गुबगुबीत, मधे सलग. दुकानदार म्हणाला, "आजी, ही तर सगळ्यात आरामाची. बघा किती भरलीय."

"भरलीय तेच वाईट. अरे, हाडावर जितकं भरशील तितकं ते हाड दाबशील. दोन्ही बाजूंना उशी हवी आणि मधे मोकळी गल्ली. वारा जावा अशी. शिकवलं नाही का तुला कुणी?"

तेव्हा सुनेने हळूच चौथी पुढे केली. मधे चांगली रुंद गल्ली, पुढून हाडापुरता कापलेला घेर, आणि आतल्या जाडसर पट्ट्या सरकवून कमीजास्त करायची सोय. "आई, ही बघा. घोडी कशीही उभी राहिली तरी हिला जुळवता येईल."

दाभणबाईने गादी उलटी करून शिवण पाहिली. मशीनची, एकसारखी, मुंग्यांच्या रांगेसारखी. ती दुकानदाराकडे भिरकावून म्हणाली, "जिला स्वतःचं माप माहीत नाही, तिला पट्ट्या लागतात. चल गं."

सून चालू लागली. ती कधीच वाद घालत नसे. दाभणबाईला तिचं तेवढंच एक खटकायचं.

माप घ्यायला दोघी दुसऱ्या दिवशी सकाळीच तबेल्यात गेल्या. दाभणबाईच्या घरची पद्धत ठरलेली: घोड्यापुढे घमेलं ठेवायचं, तो मान खाली घालून खायला लागला की मऊ तार पाठीवरून दाबत न्यायची, मग तोच बाक कागदावर उतरवायचा. खाणारं जनावर हलत नाही, अंग चोरत नाही, म्हणून माप खरं येतं. तिच्या बापाने असंच केलं, त्याच्या बापानेही असंच.

सांडणी घमेल्यात तोंड खुपसून फुरफुरत होती. सून तिच्या मानेवर हात फिरवत म्हणाली, "आई, हिची मान वर असतानाही एकदा तार लावून बघूया का? बिट्टीला घेऊन चालते तेव्हा ही मान वर ठेवते. पाठ मागे दबल्यासारखी दिसते मला."

"तू कधीपासून गाद्या शिवायला लागलीस?"

"नाही, म्हटलं आपलं."

"मग म्हणू नकोस. तार धर."

तीन दिवस दाभणबाई खिडकीपाशी बसून शिवत होती. कातड्याच्या आत लोकर दाबून केलेला जाड नमदा, नमद्याखाली पिंजलेली लोकर, दोन्ही बाजूंना मुठीएवढी उशी, मधे दोन बोटांची गल्ली. डोळ्यांना आता दोरा दिसत नव्हता, तो बिट्टी ओवून द्यायची. आखडलेले पाय घेऊन बसलेली पोर एकेक दोरा तयार ठेवायची आणि विचारायची, "आजी, सांडणीला हे गुदगुल्या करेल?"

"करेल. हसून हसून तुला खाली पाडेल."

शुक्रवारी चाचणी झाली. घोडीच्या पाठीवर खडूची पूड फासली, घमेलं ठेवलं, गादी टाकून पोटाखालचा तंग आवळला, थोड्या वेळाने गादी सरळ वर उचलली. दोन्ही उशा पांढऱ्याशुभ्र आणि मधली गल्ली कोरी करकरीत. हाडाला कुठे स्पर्श नाही. तबेलेवाल्यानेही मान डोलावली. दाभणबाईने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने उगीचच कान खाजवला.

शनिवारी बिट्टीला वर बसवलं. सांडणी चालू लागली, आणि चालताना तिची मान वर गेली. दाभणबाईने तिला इतकी वर्षं रोज पाहिलं होतं, पण मान वर गेल्यावर पाठीचं काय होतं ते तिने आजच पाहिलं. खांद्यांमागची पाठ खाली बसली, खळगा पडला, आणि गादी त्या खळग्यावर पुलासारखी अधांतरी राहिली. एकेका पावलाला ती पुढे कलायची आणि गल्लीचं तोंड येऊन बसायचं नेमकं हाडावर. ओझी ओढणारे घोडे मान खाली घालून जन्म काढतात. तिच्या घरात मान वर करून चालणाऱ्या घोड्याची गादी कधी झालीच नव्हती.

"थांबवा तिला!" दाभणबाई ओरडली.

पण बिट्टीचे पाय नुकते सैल पडू लागले होते. ती हसत होती. पलीकडे शब्द नीट पोचले नाहीत, आणि हसणाऱ्या पोरीला पाहून घोडी धरणाऱ्या माणसाला वाटलं, म्हातारी कौतुकाने ओरडतेय. त्याने आणखी एक फेरी मारली.

गादी काढली तेव्हा गल्लीच्या पुढच्या काठाला लाल ओल होती. डॉक्टर आला, त्याने दोन बोटांनी जखम उघडून पाहिली आणि तसाच हात धुवायला गेला. तेवढ्यावरून सगळ्यांना कळलं.

गाडी सोमवारी यायची होती. दाभणबाई त्याआधी तार घेऊन आली.

"मावशी, आता कशाला?" तबेलेवाला म्हणाला. "वरातीमागून घोडं."

"कळू दे मला, किती चुकलं ते."

सुनेने गाजर उंच धरलं, सांडणीने मान वर केली. जखमेला न लावता दाभणबाईने तार दाबत नेली आणि जुन्या कागदावर ठेवली. दोन बाकांमधे बरोबर दोन बोटं फरक होता. चार पिढ्या, आणि दोन बोटं.

सुनेने ते गाजर सांडणीला भरवलं. 'मी म्हटलं होतं' असं एकदा जरी ती म्हणाली असती तर भांडता तरी आलं असतं. दाभणबाईने तिच्या हातात तार दिली. "नीट ठेव. गंजेल."

सांडणी गाडीत सरळ चढली. कुणाला तिला ओढावंही लागलं नाही.

गुरुवारपर्यंत बिट्टीच्या मांड्या पुन्हा एकमेकींवर चढल्या. सून रोज तेल लावून त्या हाताने उलगडू पाहायची, पोर दात आवळून धरायची. बिट्टीच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, घरी तसंच काहीतरी करून बसवत जा. म्हणून दाभणबाईने शिवायचं अरुंद बाक खोलीच्या मधोमध ओढलं आणि त्यावर ती गादी टाकली. गादी अशी बसली, जशी त्याच्यासाठीच शिवलेली. कुठे फट नाही, कुठे दाब नाही. बाकाला मान नसते.

दोघींनी मिळून बिट्टीला वर बसवलं. ती बराच वेळ बसली, शहाण्यासारखी. मग म्हणाली, "आजी, ही गरम होत नाही."

"होईल. बस जरा."

"सांडणी लगेच व्हायची."

दाभणबाईने आपले दोन्ही तळवे पोरीच्या मांड्यांखाली सारले आणि तशीच वाकून उभी राहिली. हात म्हातारीचे. ते कधीचे गार पडले होते.