खोक्यावरचा नवरदेव

मी एक लाकडी खोका बोलतोय. फूटभर उंच, दीड फूट लांब, कडेला सफरचंदाचं पुसटसं चित्र. लग्नाच्या शेकडो फोटोंत मी हजर आहे, पण एक सोडला तर दिसत कुठेच नाही. दोन माणसं शेजारी उभी राहिल्यावर उंचीत छान शोभून दिसतात ना, ते शोभणं बऱ्याचदा माझ्या पाठीवर उभं असतं.

माझा जन्म कॅनडात, नोव्हा स्कोशियातल्या सफरचंदाच्या एका बागेत झाला. क्लॅरेन्स नावाच्या म्हाताऱ्या सुताराने मला स्प्रूसच्या, म्हणजे तिकडच्या देवदारासारख्या झाडाच्या, फळ्यांतून ठोकून काढलं. आठ हंगाम मी सफरचंदं वाहिली. मग बागेत प्लास्टिकचे खोके आले आणि माझी रवानगी कोंबड्यांच्या खुराड्यात झाली. एका तांबड्या कोंबडीने तीन वर्षं माझ्यात अंडी घातली. त्यामुळे मीही थोडाफार लेकुरवाळा झालो.

एकदा व्हर्ना कॉर्कम तिथे अंडी घ्यायला आली. साठीची, ठेंगणी, आवाजाने मात्र दोन माणसांना पुरेल अशी. तिने अंडी बघितलीच नाहीत. मला उलटं केलं, माझ्यावर चढली, दोनदा उड्या मारल्या आणि म्हणाली, "हा माझा!"

व्हर्ना लग्नाचे फोटो काढते. नवरानवरीचे खास फोटो ती सूर्यास्ताच्या आधीच्या तासातच काढते. "दुपारचं ऊन बायकांनासुद्धा मिशा काढतं," ती म्हणते. "उतरतं ऊन कसं, सगळ्यांना एकदम माफ करून टाकतं."

त्या उजेडात मी पुष्कळ माणसं पाहिली, बहुतेक पायांकडून. माझ्यावर चढणारा माणूस आधी इकडेतिकडे बघतो. मग चढतो. आणि चढला की लगेच छाती काढतो, जणू जन्मापासून तेवढाच उंच होता.

गेल्या सप्टेंबरची गोष्ट. नवरदेवाचं नाव एल्डन. बुटका, गोल चेहऱ्याचा, दुकानांना रंग देणारा. नवरी ओदिल त्याच्यापेक्षा चांगली वीतभर उंच. शाळेत तिला सगळे 'शिडी' म्हणायचे, म्हणून बिचारी लहानपणापासून पोक काढूनच चालायची. एल्डनला काय म्हणत असतील ते मी सांगायला नको.

लग्नाच्या आठवडाभर आधी एल्डन गुपचूप व्हर्नाकडे आला.

"मावशी, एक काम होतं. पण ओदिलला कळता कामा नये."

"खोका हवाय?"

त्याचे कान लाल झाले. "एकच फोटो. माझ्या खांद्यावर तिचं डोकं टेकलेलं. आमच्या घरी सगळ्यांचे तसेच आहेत."

"दिला शब्द," व्हर्ना म्हणाली. तो गेल्यावर मात्र ती एकटीच खुदुखुदु हसत बसली. मला काही त्याचा उलगडा झाला नाही.

लग्न ओदिलच्या गावी, सेंट मेरीज उपसागराच्या काठी होतं. ओहोटी लागलेली, वाळू लांबवर उघडी पडलेली. ओदिलचे वडील फर्नांड किनाऱ्यावर रोज शिंपल्या खणतात, त्यामुळे लग्नाच्या दिवशीही हातात फावडं घेऊन ते वाळूत दिसले तर कुणाला काही वाटलं नाही.

संध्याकाळ झाली. उजेड हळदीसारखा झाला. व्हर्नाने दोघांना एकमेकांकडे पाठ करून उभं केलं.

"डोळे मिटा. मी सांगायच्या आधी वळलात तर लग्न मोडलं समजा!"

तिने मला एल्डनच्या पायाशी सरकवलं. तो चढला. पलीकडून वाळूत कसलीशी खसफस ऐकू आली.

"पापा, हळू! झगा अडकतोय!" ओदिल कुजबुजली.

"उतर, उतर. फूटभरच खणलाय," फर्नांड तिच्याहून मोठ्याने कुजबुजले.

"वळा!" व्हर्ना ओरडली.

दोघं वळली. ओदिलनेही व्हर्नाला तसाच गुपचूप फोन केला होता. आपली उंची एल्डनला सलते, म्हणून फोटोपुरतं खड्ड्यात उभं राहायचं तिने ठरवलं होतं. वर मी, खाली खड्डा. ओदिलचं डोकं एल्डनच्या खांद्याला नाही, बरगड्यांना लागलं.

एल्डन तिच्याकडे वरून बघत होता, आयुष्यात पहिल्यांदाच.

"ओदिल, तू खड्ड्यात काय करतेयस?"

"आणि तू खोक्यावर काय करतोयस?"

मग दोघं जी हसत सुटली! हसता हसता एल्डन माझ्यावरून घसरला आणि तिच्या झग्यावर बसला. फर्नांडनी फावडं टाकून पोट धरलं. "दोघंही ठार वेडी! हिला देताना घाबरत होतो मी. आता काळजी मिटली."

व्हर्ना कॅमेऱ्यामागून खेकसली, "हसणं पुरे! वीस मिनिटं राहिलीत! त्या खडकावर चला!"

सगळे खडकाकडे पळाले. मला कुणी उचललं नाही. तिकडे भरती लागली होती. आधी खड्डा भरला, मग पाणी माझ्या फळ्यांखाली शिरलं. बघता बघता मी तरंगायला लागलो. सफरचंदं, कोंबडी, बूट, सगळं सोसलं होतं, पण पायाखालची जमीन जाणं म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं. किनारा लांब जाऊ लागला. मला हाक मारता येत नाही याचं इतकं वाईट कधी वाटलं नव्हतं.

"अगं, तो खोका!" एल्डन ओरडला आणि बुटांसकट पाण्यात घुसला. चार पावलांत कमरेपर्यंत.

"परत फीर!" ओदिल मागून धावत आली. "पुढे तुझ्या छातीपर्यंत येईल. मला कमरेएवढंच आहे. तू माझा झगा धर."

"नवरा मी आहे!"

"म्हणूनच सांगतेय, पहिल्याच दिवशी बुडू नकोस!"

ती आली. लांब हात पुढे करून तिने मला पकडलं आणि डोक्यावर घेतलं. डोक्यावर ओझं घेऊन पोक काढता येत नाही. त्या पाण्यात, मावळत्या तांबड्या उजेडात, ती सरळ उभी राहिली, होती तेवढी. मागे एल्डन दोन्ही हातांनी तिचा झगा वर धरून चालत होता आणि मान वर करून तिच्याकडे बघत होता. बघता बघता त्याचं झगा धरणंच राहिलं. सगळा झगा भिजला.

"आई गं," तो हळूच म्हणाला, "किती उंच आहेस तू!"

व्हर्नाचा कॅमेरा वाजला. एकदाच. मग सूर्य गेला.

तो फोटो आज त्यांच्या बैठकीच्या खोलीत टांगलाय. आत येणारा जो तो आधी हसतो आणि मग थोडा वेळ तिथेच उभा राहतो.

त्यांनी मला मागितलं होतं. व्हर्नाने साफ नकार दिला. "अजून पाच लग्नं आहेत माझी, आणि नवरे काही उंच होत नाहीयेत." माझे खिळे गंजलेत, एक फळी फुगलीय, अंगाला खारट वास येतो. पण उभा आहे. आजच्या नवरदेवाला घाम फुटलाय. तो इकडेतिकडे बघतोय. ये रे बाबा, लाजू नकोस. पण चढायच्या आधी तिला एकदा विचारून तरी बघ.