फ्राउकेचं मनगट

मनगटातला आडवा पट्टा ताठला की खालची नस दबते आणि बोटांना मुंग्या येतात. कार्पल टनेल म्हणतात तो आजार. त्या पट्ट्याचा ताठरपणा मोजणारं यंत्र फ्राउकेनं तीन वर्षं खपून बनवलं होतं. पण नेदरलँड्समधल्या एन्सखेडेच्या त्या प्रयोगशाळेत मेल्या सगळ्यांचीच मनगटं ठणठणीत. काटा हिरव्या पट्टीतून बाहेर पडेना.

"तू घाल बघू हात," सहकारी वीब्रेन म्हणाला.

काटा सरळ लाल पट्टीत गेला. तीन वर्षं याच यंत्राचे स्क्रू पिळून तिची बोटं बधिर व्हायची आणि ती दोष द्यायची सायकलच्या हँडलला.

"चालतंय रे, चालतंय," म्हणत तिनं वीब्रेनला गरागरा फिरवलं. सगळ्यांनी रांगेनं येऊन तिचं अभिनंदन केलं, मग डच रीतीप्रमाणे एकमेकांचं. फोन लावून तिच्या नवऱ्याचंही केलं, बायको आजारी निघाल्याबद्दल.

"आता केक. ज्याची खुशी त्यानं आणायचा," वीब्रेननं आठवण करून दिली.

फ्राउके धावत जाऊन केक घेऊन आली आणि सुरी त्याच्या हातात दिली.

"काप तू. मी पेशंट आहे."