फिटरचा भोंगा

"अजून लांब जा, वहिनी! त्या खांबापर्यंत!" सायकलवाला दुकानाच्या दारातून ओरडला. फिटरची बायको पिशवी सावरत खांबापाशी जाऊन उभी राहिली.

फिटरने पहिला हॉर्न दाबला, बॅटरीवरचा. तिने लांबूनच नाक मुरडलं. दुसऱ्याला नुसती मान हलवली. तिसरा पितळेचा होता, मागे मोसंबीएवढा रबरी फुगा. त्याने तो मुठीत आवळला, तशी रस्त्यातली दोन माणसं दचकून बाजूला झाली. तिने छातीवर हात ठेवला आणि हसतच सुटली.

"हाच द्या," फिटर म्हणाला. त्याला स्वतःला काहीच ऐकू आलं नव्हतं. पितळ थरथरलं, तेवढं तळहातात उमटलं.

तीस वर्षं बॉयलरच्या पत्र्यांवर हातोडा चालवून त्याचे कान गेले होते. एकदम नव्हे, कंदिलाची वात हळूहळू खाली करावी तसे. आता सगळं जग त्याला कापसात गुंडाळल्यासारखं वाटे. दारं लागत, भांडी पडत, माणसं भांडत, पण सगळं मऊ मऊ. त्याचं त्याला फारसं दुःख नव्हतं. दुःख झालं ते गेल्या आठवड्यात, वळणावर एक ट्रक त्याला घासून गेला तेव्हा. कोपर सोलून निघालं.

"अरे, मी घंटी वाजवत होतो की!" तो तावातावाने म्हणाला. ड्रायव्हरने वाकून घंटी वाजवून पाहिली आणि झाकण काढून त्याला दाखवलं. आतली कळ गंजून गेली होती. मुकी घंटी वाजवत फिटर किती महिने कामाला जात होता, देव जाणे.

"मला कुणी सांगितलं पण नाही गं," घरी आल्यावर तो बायकोला म्हणाला.

"आता मी सांगत जाईन," ती म्हणाली.

नवा भोंगा बसवल्यापासून दर रविवारी तो त्याचा फुगा काढी, आतली आवाजाची पत्ती मऊ फडक्याने पुशी, रबराला चिरा पडू नयेत म्हणून पावडर चोळी. ती पायरीवर चहा घेऊन बसे.

"आज घसा बसलाय."

तो पुन्हा पत्ती पुशी. "आता?"

"आता अगदी माझ्या सासूबाई!"

धुक्याच्या एका सकाळी पुलावर समोरून दोन पिवळे दिवे तरंगत आले. फिटरने भोंगा आवळला, दोनदा, तीनदा. दिवे थांबले. ड्रायव्हर उतरून चालत आला, सायकल पाहून त्याने कपाळावर हात मारला. "मला वाटलं, ट्रकच येतोय!" फिटरने ओठांवरून वाचलं. त्या पांढऱ्या पोकळीत, खाली नदी आहे की आभाळ तेही कळू नये अशा जागी, दोघं पोट धरून हसले. घरी गेल्यावर बायकोने ती गोष्ट त्याला तीनदा सांगायला लावली.

तिचं आजारपण चारच दिवसांचं झालं. शेवटच्या दुपारी ती काहीतरी बोलली, पण तोंड उशीकडे वळलेलं होतं.

"काय म्हणालीस?" तो वाकून म्हणाला. "इकडे बघून बोल ना."

तोवर तिचा डोळा लागला होता. तो पुन्हा उघडला नाही.

तीन आठवडे सायकल भिंतीला टेकून होती. मग कामावर जायचा दिवस आला. त्याने पत्ती पुसली, पावडर चोळली, सायकल अंगणात आणली आणि भोंगा दाबला. तळहातात थरथर आली. पण थरथर म्हणजे आवाज नव्हे, हे त्याला पुरतं ठाऊक होतं. त्याने पुन्हा दाबला. पुन्हा.

समोरची खिडकी उघडली. शेजारीण बाहेर डोकावली, केस विस्कटलेले, तोंडाचा पट्टा सुरू. "सकाळी सकाळी... जीव घेता का..." एवढं त्याला कळलं. त्याचा चेहरा उजळला.

"ऐकू येतंय ना?" त्याने विचारलं. "नीट येतंय?"

शेजारणीने हाताने केस सारखे केले. मग त्याला ओठ दिसावेत अशी ती खिडकीतून पुढे वाकली.

"येतंय," ती म्हणाली. "लांबपर्यंत जातंय."

फिटरने मान तुकवली आणि सायकलवर टांग टाकली. कोपऱ्यावर त्याने मागे वळून पाहिलं, तेव्हाही ती खिडकीतच होती.