वाढलेली बांगडी

आमच्यात सवाष्णीची बांगडी फुटत नाही, वाढते. मंगळसूत्र तुटलं तरी ते वाढलंच म्हणायचं. शाळेतून मला दुसरीतच काढली, पण एवढं बोलणं आईकडून शिकले, आणि माझ्या टोळीतल्या एकाही बाईला कधी भलतं बोलू दिलं नाही.

पिंपळगावात हायवेला लागून द्राक्षं भरायची शेड निघाली, तेव्हापासून बायांची टोळी माझीच. शहाऐंशीच्या हंगामात तिथं देखरेखीला यादवसाहेब आले. लखनौकडचे, तरणे, बोलायला गोड. मराठी नवीनच शिकत होते आणि तिची परीक्षा आम्हा बायांपुढंच चालायची. माल दुबईला जायचा. माझा पोरगा देवरामही तिथंच, इमारतींच्या सेंट्रिंगच्या कामावर. त्याची बायको साळूबाई माझ्याशेजारी बसून घडातले बारके मणी कात्रीनं काढायची. दिवाळीपासून देवरामचा निरोप नव्हता. आमची द्राक्षं विमानात बसून तिकडं पोचायची, आणि माझ्या पोराची खुशाली मात्र वाटेतच कुठंतरी अडकायची.

त्या दिवशी पेटी भरताना साळूचा हात कडेला आपटला आणि हिरव्या बांगडीचे तुकडे झाले. दोन आम्ही वेचले. तिसरा दिसेना, तोवर पेटी काट्यावर गेली. काट्यावर गेलेल्या पेटीला आम्ही हात लावायचा नाही, असा नियम होता. मी उठून साहेबांकडं गेले.

“साहेब, साळूची बांगडी वाढली. त्या पेटीत बघा.”

“वाढली? अरे वा मावशी, मग पेढे द्या,” साहेब हसले.

मला वाटलं, थट्टा केली तरी बघतीलच. मी माझ्या जागेवर येऊन बसले.

पुढच्या आठवड्यात दुबईहून मालाचा निरोप आला. तिकडच्या दुकानात कुणा बाईला घडात काच मिळाली होती. एका तुकड्यापायी सगळा माल नाकारला, तिथंच फेकून दिला. साहेबांनी आम्हाला ओळीनं उभं केलं.

“काच गेली तर सांगायचं ना मावशी.”

“बांगडी वाढली, म्हणले नाय का?”

“वाढली म्हणजे… जादा झाली ना?”

टोळीतल्या लंकाबाईनं तोंडाला पदर लावला. “जादा कशानं व्हतीन साहेब, पिल्लं देत्यात का त्या?”

हसू तेवढ्यापुरतंच. साहेबांना कुणीतरी नीट समजावलं. ते रागावले नाहीत, नुसतं डोकं धरून बसले. मग म्हणाले, “उद्यापासून कुणाच्याच हातात बांगडी नको. आणि फुटलं तर फुटलं म्हणायचं. तिकडचा हुकूम आहे.”

“तिकडच्या बाया काढत्यात का बांगड्या?” मी विचारलं.

“त्या विकत घेतात, मावशी. त्यांचे हात कोण बघणार? आता दुनिया एक झाली आहे.”

“एक झाली, तर नियम आमच्याच हाताला का?”

 नियम बदलणं साहेबांच्याही हातात नसावं. बघता बघता त्यांची नजर माझ्या मोकळ्या मनगटांवर गेली. आमचे मालक जाऊन बरीच वर्षं झाली.

“तुमच्यासारख्या बायका आणा ना,” ते म्हणाले, “हातात काही नसलेल्या.”

भल्या मनानं म्हणाले, म्हणून जास्तच लागलं. ज्या हातांना हळदीकुंकवाला कुणी बोलावत नव्हतं, ते आता दुबईला पसंत पडले होते.

घरी आल्यावर साळू म्हणाली, “आत्याबाई, मी काढते.”

“नवरा समुद्रापल्याड, त्याची खबर नाय, आन् तू हात मोकळे करतीस?”

“घालून बसले तेव्हा तरी कुठं खबर आली?”

“कांद्याच्या खळ्यावर काम बघू.”

“तिथं उन्हात बसून किती दिवस चूल पेटंल, ते तुमीच सांगा.”

“मी जित्ती हाय तवर नाय चालायचं हे.”

“जित्तं हाय म्हणूनच खायाला लागतं, आत्याबाई.”

ही जीभ तिनं माझ्याच घरात कमावलेली. 

सकाळी तिनं साबण लावून बांगड्या उतरवल्या, फडक्यात बांधून देवापुढं ठेवल्या. मी तिच्या मनगटाला हळदीचा दोरा बांधला. शेडीच्या दारात तोही कापायला लावला. दिवसभर ती थंड खोलीत पेट्या लावत होती. मधे शेजारी येऊन बसली, तेव्हा पेटीवर आमचे चार हात होते, आणि त्यातले सवाष्णीचे कुठले, ते परक्याला सांगता आलं नसतं. मला तेवढंच दिसत राहिलं. एक घड हातून सुटला, तरी मी उचलला नाही.

घरी येऊन तिनं फडकं सोडलं. गारठ्यानं हात सुजले होते, बांगडी चढेना. मी साबण लावला, कासारासारखी तिची बोटं एकत्र दाबून धरली. एक चढली. दुसरी चढली. तिसरी कट्कन गेली आणि अंगठ्याखाली रक्त आलं.

साळूनं तुकड्यांकडं बघितलं.

“फुटली,” ती म्हणाली. शेडीत सांगावं तशी, सरळ.

तिचं तोंड दाबायला मी हात उचलला. तो तसाच राहिला. मग दोन तुकडे वेचले आणि झाडू घेऊन खाली बसले. चुलीपाशी झाडलं, दाराशी झाडलं, पाट उचलून बघितला. तिसरा तुकडा काही सापडला नाही.