गंगीच्या छातीतलं, माझ्या पोटात

मी थुंकीची डबी बोलतेय. मला लिहिता येत नाही, म्हणून गंगीचा मुलगा नविन माझं म्हणणं लिहितोय. त्याची शाळा सातवीत सुटली. शुद्धलेखन चुकलं, शब्द साधे वाटले, तर सांभाळून घ्या.

तलासरीच्या दवाखान्यात मी कपाटात होते. माझ्याआधी एक बहीण वेवजीला, गंगीच्या घरी जाऊन आली होती. तिच्यात नुसती लाळ निघाली. यंत्राला काहीच सापडलं नाही आणि गंगीचा खोकला तसाच राहिला.

"मावशी, चूळ भरल्यासारखं काय दिलंत?" तपासणीच्या दक्षाताईंनी विचारलं.

गंगी पदराआडून म्हणाली, "एवढी चकचकीत डबी, तुमच्या हातात द्यायची. तिच्यात घाण कशी थुकू?"

"मला घाणच हवी. छातीतली. लाळ काय, माझ्याही तोंडात आहे!"

मग त्यांनी समजावलं. क्षयाच्या जंतूचे भाऊबंद असतात, भिंगाखाली सगळे सारखेच दिसतात. औषध मात्र निराळं. यंत्र जनुकांवरून जंतूची जात ओळखतं, तेही काही तासांत. पण त्याला बेडका लागतो.

नविननं मला घरी नेलं. उजाडताच गंगी अंगणाबाहेर ताडाखाली उभी राहिली.

"लाजू नको, आये. पोटातनं खोक."

ती वाकून वाकून खोकली. माझं पोट जड झालं. आत कोण बसलंय, मलाच माहीत नव्हतं. मी घाबरले.

दवाखान्याकडे जाताना जीपमध्ये गंगीच्या बाजूला बसून नविननं मला डब्यात घालून मांडीवर धरलं. शेजारची ठकीआजी म्हणाली, "सुकट आहे काय रे? एवढं कवटाळलंस ते!" तो मान खाली घालून हसला, आणि रुमालात खोकला. माझी भीती वाढली.

दुपारी उत्तर आलं. क्षयाचाच जंतू, पण नेहमीच्या औषधाला दबणारा. गंगीनं हात जोडले.

"आता घरातल्या सगळ्यांची तपासणी," दक्षाताई म्हणाल्या. "नविन, तुझा खोकला कधीपासून?"

"धुळीचा आहे," तो पुटपुटला. ताईंनी नवी डबी त्याच्या खिशात सरकवली.

मी आता पिवळ्या पिशवीत आहे. जाळायला नेणारी गाडी येईल. त्याचं दुःख नाही. एवढंच मागते, माझी कुणी बहीण हातात आली, तर लाजेपायी तिला स्वच्छ परत पाठवू नका.

जाता जाता धाकटीनं, म्हणजे नविनच्या खिशातल्या त्या नव्या डबीनं, आणलेली बातमी सांगते. दुसऱ्या दिवशी सकाळी नविन त्याच ताडाखाली डबी घेऊन नुसताच उभा होता. मागून गंगी म्हणाली, "लाजू नको, पोरा. पोटातनं खोक."

त्यानं झाकण उघडलं आणि खोकला.